जनूभाऊंची तिसरी प्रत

कळंबच्या जनूभाऊंकडे कुठलंही नवं यंत्र आलं की पहिले आठ दिवस ते गोठ्यात राहतं. राउटर असो नाहीतर हार्ड डिस्क, म्हशीच्या डोक्याच्या वर, भिंतीला ठोकलेल्या फळीवर ते ठेवायचं, वायर जोडायची आणि विसरून जायचं. गोठ्यात धूळ आहे, ओल आहे, वीज दिवसातून दहा वेळा जाते-येते, वर पाली. एवढं सोसूनही नवव्या दिवशी चालू असेल तर यंत्राला घरात प्रवेश. नसेल तर कर्जतच्या दुकानात परत. तो दुकानदार आता भाऊंचं खोकं उघडायच्या आधी नाकाला रुमाल लावतो.

"कंपनीवाले एसीत बसून टेस्ट करतात," भाऊ म्हणतात. "आपल्या घरात एसी हाय का? मंग?"

हे "मंग?" त्यांचं ठरलेलं. ते आलं की समजायचं, विषय संपला आणि आपण हरलो.

आमची ओळख राउटरवरूनच झाली. मी नेरळला राहते. ऑफिस मुंबईत, पण आठवड्यातले तीन दिवस घरून काम. मीटिंगमध्ये माझं चित्र अडकायचं, तेही नेमकं तोंड उघडं असताना. शेवटी वैतागून सहा अँटेनांचा, चांगला महागडा राउटर मागवला. तरी तेच. मग शेजारणीने भाऊंचं नाव सुचवलं. ते आले, कमरेवर हात ठेवून त्या सहा अँटेनांकडे बराच वेळ बघत राहिले.

"ताई, म्हैस घेताना शिंगं मोजता का तुमी?"

"तसं नाही भाऊ, पण..."

"आनि ह्यो डबा फ्रीजच्या मागं कुनी लपवला?"

"सॉकेट तिथंच आहे ना."

"उद्या सॉकेट न्हाणीत असतं तर न्हाणीत लावला असता का? मंग?"

मोबाइल हातात धरून ते घरभर फिरले, प्रत्येक भिंतीवर टकटक करून बघितलं आणि आठ दिवसांनी एक साधा काळा राउटर आणून पॅसेजमध्ये उंचावर ठोकला. दोन वर्षं झाली, एकदा बंद पडलेला नाही. दमट हवेत जरा शेणाचा वास येतो, एवढंच.

त्यांनी मजुरी घेतली नाही. त्याऐवजी माझ्या हातात एक हार्ड डिस्क ठेवली.

भाऊंनी तीस वर्षं कर्जत-खालापुरातल्या लग्नांचं शूटिंग केलं. स्वतः मात्र बिनलग्नाचे. कारण विचारलं तर "रोज बघून भूक मेली" म्हणतात. गिऱ्हाइकाला कापून-जोडून दिलेली कॅसेट वेगळी. भाऊंनी मूळ टेपा जपल्या आणि पुढे त्यांना बुरशी धरायला लागली तेव्हा त्या सगळ्या जशाच्या तशा डिस्कवर उतरवल्या. तीन प्रती केल्या. एक घरी, एक चौकला बहिणीकडे, तिसरी ही माझ्याकडे.

"आग लागूदे, चोर येऊदे, तीन गावांत एका दिवशी नाय येनार. तुमी फकस्त महिन्यातनं एकदा लावून बघायची. उघडली की परत ठेवायची."

मी ती साड्यांच्या कपाटात टाकली. दर महिन्याला त्यांचा फोन यायचा आणि मी बिनदिक्कत ठोकून द्यायची, "हो भाऊ, बघितली." एकदाही बघितली नव्हती. लोकांची लग्नं लोक स्वतः बघत नाहीत, मी कशाला बघत बसू?

गेल्या थंडीत एका सकाळी भाऊ दारात उभे. बरोबर हिरा, डोंगराकडच्या वाडीतली. तिच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. ज्या आजीने, म्हणजे हिराच्या आईने, त्या मुलीला वाढवलं ती दोन वर्षांपूर्वी वारली, आणि लग्नात समोर ठेवायला तिचा फोटो नव्हता. एक होता ओळखपत्रावरचा. "त्यात आय चोरी करताना धरल्यावानी दिसते," हिरा म्हणाली. आई जन्मभर लग्नघरांतून पाणी भरायला, भांडी घासायला जायची. भाऊंच्या शूटिंगमध्ये कुठे दिसेल का, म्हणून ती भाऊंकडे आली होती.

"कुठल्या लग्नात हाय ते मला म्हाईत हाय," भाऊ म्हणाले. "पन घरची डिस्क गेली. टकटक आवाज करते नुसती."

"ती तर गोठ्यात पास झालेली ना?"

"पास झालेली पोरं आजारी पडत नाय का?" पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "आनि बहिणीनं तिची इतकी जपून ठेवलीय, की कुठं ठेवली ते तिलाच सापडंना. आता तुमचीच. तुमी दर महिन्याला बघता, म्हनून मला घोर नाय."

कपाट उघडता उघडता मी सांगून टाकलं, "भाऊ, मी खोटं बोलत होते. एकदाही लावलेली नाही."

भाऊंनी माझ्या हातातून डिस्क घेतली आणि शर्टाच्या बाहीने तिच्यावरची धूळ पुसली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. हिरा कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होती.

डिस्क जोडली. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. किती वेळ गेला कोण जाणे, मी देवाचं नाव घेत होते. मग पडद्यावर यादी आली. भाऊंनी लग्नांना नवरा-नवरीची नावं दिलीच नव्हती. "भात कमी पडला." "नवरदेव उशिरा." "मांडव उडाला." भाऊंनी "वरण सांडलं" उघडलं.

मंगलाष्टकं चालू होती. मध्येच कॅमेरा नवरा-नवरीला सोडून मांडवामागे गेला. पिंपाजवळ एक बारीक बाई मोठा टोप घासत बसली होती. कॅमेरा बघून तिने तोंडावर पदर ओढला.

"मला नको रं घेऊ. नवरीला घे."

मागून भाऊंचा तरुण आवाज आला, "नवरी कुठं पळत नाय. तू बघ गं इकडं, मावशे."

पदर खाली आला. बाई तोंडभरून हसली.

हिराने पडद्याला हात लावला. "ह्योच फोटू," म्हणाली, आणि मग अगदी हळू, "आयचा आवाज मी इसरले होते." तिला रडू फुटलं, मलाही आवरेना.

मी चहा टाकायला आत गेले. भाऊ मागोमाग आले, ओट्याला टेकून उभे राहिले.

"हे कॅसेटमध्ये होतं?"

"छ्या. गिऱ्हाईक बोललं, भांडीवाल्यांवर टेप कशाला घालवतो, काढून टाक. कॅसेटीतनं काढलं."

"मग तुम्ही का ठेवलंत इतकी वर्षं?"

भाऊंनी उकळणाऱ्या चहाखालचा गॅस बारीक केला.

"वऱ्हाड जेवून निघून जायचं. शेवटच्या पंगतीला मी आनि भांडीवाल्या बायका. ती मला आग्रह करून वाढायची," ते म्हणाले. "ती बी आलीच होती ना लग्नाला."