पेटीला पंखा दाखवायचा कार्यक्रम

रामलिंग गुरवाच्या जुन्या कॅम्पुटरातली पावर सप्लायची पेटी पत्रिका जुळल्याबिगर नवा पंखा आत घेत नव्हती.

तिचंबी बरोबर हाय. तीस वर्सं त्या कॅम्पुटरानं आख्ख्या तालुक्याच्या पत्रिका जुळवल्या. मग घरच्या पेटीला कसाबी पंखा बांधायचा व्हय?

जुना पंखा लई घरघरायचा. गुरव म्हनला, "नाना, काढा ह्यो. समोरचा पाव्हणा काय बोलतोय त्ये ऐकू येत न्हाय." मी काढला. आता पेटी धा मिंटं चालायची, तापायची, बंद पडायची. आन शुक्रवारी गुरवाची वैजू बघायला कराडचे पाव्हणे येणार. त्यांची अट, पत्रिका ह्याच कॅम्पुटरावर जुळवायची. न्हायतर ते म्होरच्या गावची पोरगी बघायला जाणार. वैजूला तर पोरगा आधीच पसंत.

मी नवा पंखा ताटात ठिवून नेला. गुरवानं पोहे केलं. पंख्यावरच्या चिठ्ठीत जन्मतारीख व्हती, जन्मगाव तैवान. पडद्यावर आलं: गुण अकरा, नाडीदोष.

दुसरा नेला. गुण सोळा. खाली पेटीनं लिवलं, "बोलत न्हाय. मुका हाय का?"

"अगं, नवे पंखे आवाज करत न्हाईत," गुरव म्हनला.

पेटीनं लिवलं, "आमच्यात चालत न्हाय."

गुरुवारी मी जुनाच पंखा घिऊन माझ्या रिपेरीच्या दुकानात बसलो. दात घासायच्या बुरशानं धुतला, तेलाचा थेंब सोडला, वरनं चंदेरी रंग दिला. तेवढ्यात वैजू आली.

"नाना, ह्येची जन्मतारीख काय टाकायची?"

"तूच सांग. बापाच्या हाताखाली शिकलीयस न्हवं?"

तिनं बोटं मोजली. "अठरा ऑगस्ट बसतीय. वेळ पाच मिंटं मागं घ्या."

"तुझी येळ कितींदा मागं घेतलीय?"

"दोनदाच."

तेहेतीस गुण आले. पेटीनं लाजून पडद्याचा उजेड बारीक केला. मी चार स्क्रू पिळले, गुरवानं अक्षता टाकल्या. हळू टाका म्हनलो व्हतो. चार दाणे आत गेले.

शुक्रवारी कराडचे पाव्हणे बसले आन पंखा खडखडाय लागला. पोराचा बाप म्हनला, "लई आवाज करतोय हो."

पडद्यावर आलं: "आमच्या ह्यांना नावं ठिवायची न्हाईत."

त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. वैजूचे अठ्ठावीस गुण आले. लगीन झालं.

औंदा धोंड्याचा म्हैना आला. गुरवानं पंख्याला चांदीच्या वाटीत मशीनचं तेल दिलं आन कराडच्या जावयाला स्टीलचं ताट.

मी त्या पोराला डिवचलं, "काय जावईबापू, राग न्हाय आला?"

"राग कशाचा नाना? थोरला जावई त्यो हाय."