चिकटला तर पत्रा, घसरला तर लांबी

चुंबक पुढच्या मडगार्डवर चिकटलं. बोटभर पुढे नेलं, तिथेही चिकटलं. आणखी बोटभर पुढे नेऊन कादंबरीने हात सोडला, तर ते मुकाट्याने घसरून तिच्या तळहातात आलं.

"लांबी," ती म्हणाली. "इथला पत्रा सडलाय. भोकांत लांबीचा लगदा भरून वरून रंग मारलाय."

"अगं, एवढीशी लांबी सगळ्याच गाड्यांत असते!" तिचा नवरा विहंग म्हणाला. "माणसाच्या दातांतसुद्धा भरतात की!"

घरून निघताना हाच विहंग म्हणाला होता, "गाडी पारखायला मला पाच मिनिटं पुरतात. दार लावल्याचा आवाज ऐकून इंजिनाची कुंडली मांडतो मी!" प्रत्यक्षात एस्प्लनेडच्या बँकेत कर्जाच्या अर्जांखेरीज त्याने आयुष्यात काही पारखलं नव्हतं. पण पुण्याहून बदली होऊन ते बंगाली वस्तीत, बालीगंजला, राहायला आले आणि मागच्या गल्लीतल्या घोषालबाबूंची दुधाळ पांढरी अ‍ॅम्बॅसडर त्याला दिसली. त्या दिवसापासून माणूस कामातून गेला! गाडी मरून रंगाची करायची, टप क्रीम करायचा, एसी बसवायचा, सीटला लेदर, डिकीत छोटा फ्रिज! या बेतापुढे लग्नाचं रुखवत फिकं पडलं असतं.

अडलं होतं ते कादंबरीपाशी. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. गंज म्हणजे काय, हे ती फळ्यावर समीकरणासकट मांडून दाखवायची. त्यामुळे गुढीपाडव्यापासून तिचं एकच उत्तर होतं, "अजून पुरावा नाही. बघू."

आता मात्र 'बघू' चालणार नव्हतं. घोषालबाबूंचं घर प्रमोटरकडे, म्हणजे बिल्डरकडे, गेलं होतं, त्याबरोबर गॅरेजही. एका रेस्टॉरंटवाल्याला ती गाडी मधोमध कापून भिंतीत बसवायची होती. पुढे बिर्याणीचं काउंटर, मागे वॉश बेसिन! त्याचा ट्रक उद्या सकाळी येणार होता. म्हणून आज, ऐन विश्वकर्मा पूजेच्या, म्हणजे यंत्रं-हत्यारं पुजण्याच्या दिवशी, कादंबरी पुरावा गोळा करायला आली होती.

पुराव्याला चुंबक हवं, आणि घरात दमदार चुंबक एकच होतं. सासूबाईंना, म्हणजे सुलभाताईंना, पुण्याच्या भिशीत मिळालेला लाडवाएवढा गणपती. पाठीला चुंबक. फ्रिजच्या दारावर वाण्याची यादी धरून ठेवायची, हे त्याचं काम. सुलभाताई त्याच्यावर नजर ठेवायला सोबत आल्या होत्या. "दुसऱ्याची जुनी गाडी घ्यायची नाही, हे माझं आधीच ठरलंय," असंही त्यांनी वाटेत तीनदा सांगितलं होतं.

गॅरेजच्या उंबऱ्यावर पूजेची ताजी अल्पना, तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढलेली होती. ती पुसू नये म्हणून कादंबरीने चपला बाहेर काढल्या. पोकळ आवाज येतो का ते ऐकायला गाडीला कान लावला, डोळे मिटले. मग गणपती बॉनेटला टेकवला. नंतर मडगार्डला. नंतर मागच्या दाराला आणि डिकीला.

घोषालबाबू वरच्या व्हरांड्यातून हे बघत होते. धोतर सावरत ते खाली धावले.

"की शुंदोर! की शुंदोर!" त्यांचे डोळे भरून आले होते. सूनबाईला हाक मारावी तसे ते म्हणाले, "बोउमा, हम इतना खरीदार देखा। सब पूछता है, कितना देती है। गाडी का अंग-अंग पर गणेश छुआनेवाला हम पहली बार देखा!"

"नहीं काकाबाबू, ये टेस्ट है..."

"हाँ हाँ, टेस्ट! ठाकुर का टेस्ट, भगवान का टेस्ट! कहाँ-कहाँ नहीं बैठा?"

खोटं बोलणं कादंबरीला जमत नसे. तिने मडगार्डकडे बोट दाखवलं.

"ओ मा!" घोषालबाबू एक पाऊल मागे सरकले. "उधर मिनीबस मारा था! और कहाँ?"

"डिकी के कोने में."

"उधर हमारा शाला, वाइफ का भाई, गेट में ठोका था! ये बात हम अपना वाइफ को भी नहीं बोला!"

ते वाइफने, म्हणजे काकीमांनी, खिडकीतून ऐकलं. त्या लगबगीने खाली आल्या, त्या हातात शंख घेऊनच. भावाचा हिशेब पुढे कधीतरी, आधी हा चमत्कार!

गल्लीत बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो! मराठी बोउमाचा गणपती गाडीचं पूर्वायुष्य सांगतो! दोन मिनिटांत गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. एक गृहस्थ स्कूटर ढकलत आले. "दीदी, एक बार इसपे भी बिठाइए ना। भाई ने बेचा, बोलता है नया है, हमको शक है।" कादंबरीने गर्दी हटावी म्हणून गणपती स्कूटरला लावला. तो घसरला. गृहस्थ भावाच्या नावाने शंख करत निघून गेले!

"कादंबरी," सुलभाताई तिच्या कानाशी कुजबुजल्या, "यांना सांग, हा पूजेतला नाही. वाण्याची यादी धरतो."

"आई, कधीपासून तेच सांगतेय!"

आता फक्त ड्रायव्हरच्या बाजूचं दार उरलं होतं. बाहेरून वर, खाली, मध्ये, कुठेच चुंबक धरेना. सगळी लांबीच! कादंबरीने मनाशी निकाल लावला. नाही घ्यायची. विहंगकडे न बघता सांगून टाकायचं. तिने शेवटची खातरजमा म्हणून गणपती काचेखालच्या कडेवर नेला. त्याच क्षणी काकीमांनी तिच्या कानापाशी शंख फुंकला.

कादंबरी दचकून उडाली, हात सुटला. काचेलगतचं रबर केव्हाच झडलं होतं. त्या फटीतून गणपती दाराच्या पोटात गेला. आतून आवाज आला, टक्!

सगळे दाराकडे वाकले.

"भितोरे!" काकीमांनी कपाळाला हात जोडले. "ठाकुर खुद अंदर चला गया!"

मग उलूध्वनी, जीभ हलवत काढलेला मंगल हेल, उठला. पाच-सहा बायका एकदम. सुलभाताईंचा चेहरा पडला.

"स्क्रू-ड्रायव्हर!" विहंग ओरडला. "आतलं अस्तर काढू, हात घालू!"

"आज?" घोषालबाबूंनी दोन्ही कान धरले. "आज विश्वकर्मा पूजा है बाबा! यंत्र को हाथ नहीं लगाता!"

खरंच होतं. त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर, पाने, पक्कड, हातोडी, सगळी हत्यारं शेंदूर लावून मूर्तीच्या पायाशी झोपली होती. नाक्यावरचा मिस्त्री नवा शर्ट घालून छतावर पतंग उडवत होता. तो वरूनच "काल, काल!" म्हणून ओरडला, म्हणजे उद्या. विहंगने फटीत छत्रीची मूठ घातली. छत्री अडकली. ओढली, तर मूठ आत राहिली!

"तरी हलवायला नको होतं फ्रिजवरून त्याला," सुलभाताई म्हणाल्या. मग एकदम ताठ झाल्या. "विहंग, उद्या तो ट्रकवाला येणार, आणि ही गाडी कापणार?"

"हो."

"म्हणजे माझा गणपती बिर्याणीच्या काउंटरात?"

"किंवा वॉश बेसिनमध्ये. ते दार कुठल्या अर्ध्यात जातंय त्यावर आहे."

"अरे, मग बघतोस काय! गाडी घे!"

"मगाशी तो वाण्याची यादी धरत होता ना, आई?"

"काय वाटेल ते धरत असू दे! गणपती आहे तो!"

विहंग बायकोकडे वळला. आयुष्यात इतकी कळकळ त्याने कुठल्या मुलाखतीतही दाखवली नव्हती. "कादंबरी, मरून नको. क्रीम टप नको. एसी नको, खिडक्या आहेतच. डिकीतला फ्रिजही नको! पांढरी आहे तशी पांढरी!"

घोषालबाबूंनी धोतराच्या सोग्याने बॉनेटवरचा एक डाग पुसला. मग पुन्हा तोच डाग पुसला, जो आता तिथे नव्हता. "हम होटलवाला को ना बोल देगा," शेवटी ते हळूच म्हणाले. "तुम हाँ बोलो तो।"

अख्खी गल्ली कादंबरीकडे बघत होती. काकीमांचा शंख ओठांशी तयार होता. ती दारापाशी वाकली. बाहेरून टिचकी मारली, आवाज भद्द. मग दार धरून गदागदा हलवलं. आत छत्रीची मूठ इकडून तिकडे खडखडली. गणपतीचा मात्र आवाज नाही. तिने आणखी जोरात हलवलं. तरीही नाही.

"पडला नाही तो," ती स्वतःशीच म्हणाली. "आत चिकटलाय."

"मग?" विहंगने श्वास रोखून विचारलं.

"मग काय! चिकटलाय म्हणजे आतला पत्रा शाबूत आहे. पुरावा मिळाला." कादंबरीने शांतपणे हात झटकले. "घेऊ या."