मोहोडकाकांची फुली

मोहोडकाका दुकानात खडू घेऊन जातात. शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी. हिंगण्याच्या कारखान्यात ते माल तपासायचे. वस्तू हातात घ्यायची, चाचपायची आणि पसंत पडली नाही तर तिच्यावर फुली मारायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाले, पण फुली सुटली नाही. प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टवर त्यांची फुली आहे. सोसायटीच्या सचिवांच्या नव्या मोटारीवरही एकदा होती.

मागच्या महिन्यात त्यांना व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा होता. बजेट वीस हजार. स्कूटर माझी होती, त्यामुळे सीताबर्डीच्या दुकानांतला त्यांचा संताप मला जवळून पाहता आला.

पहिल्या दुकानात सेल्समनने कॅमेरा त्यांच्याकडे रोखला. काकांनी तो काढून घेतला, भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि स्वतः पायरीवर जाऊन पाठमोरे उभे राहिले. तिथून काहीतरी पुटपुटले. आत येऊन म्हणाले, "आता ऐकव."

रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू आले.

"काका, चित्र तर पाहा. चेहरा आपोआप गोरा करते हा."

"गोरा? तुले कोणी सांगितलं बे गोरा करायले? माणूस जसा हाय तसा दाखव ना! अन् आवाज काहून नाही येत?"

खोक्यावर फुली.

दुसऱ्या दुकानातल्या कॅमेऱ्यावर लाल दिवा होता. "हा काहून पेटून राहिला? गावाले सांगाचं हाय काय, रेकॉर्डिंग चालू हाय म्हणून?" तिथला मालक शांत माणूस. "अंकल, मोबाइल आहे ना तुमच्याजवळ? त्यातच काढा."

इथे स्फोट झाला. "मोबाइल पाहिला का तिचं तोंड बंद होते!"

ती म्हणजे यशोदाबाई, त्यांची मोठी बहीण. सक्करदऱ्याला राहते. आई लवकर गेल्यावर काकांना तिनेच वाढवलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आईने रचलेल्या ओव्या आता तिला एकटीलाच येतात, आणि त्या ती फक्त स्वयंपाकघरात, तांदूळ निवडताना म्हणते. कोणी समोर आलं की गप्प. आता तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज राहील का, यावर डॉक्टर हो म्हणाले नव्हते. काकांना ऑपरेशनच्या आधी ओव्या टिपायच्या होत्या, तिच्या नकळत.

हे सगळं त्यांनी दुकानातच ओरडून सांगितलं. मग मालक हळूच म्हणाला, "मग माइक वेगळा घ्यावा लागेल. किंमत वेगळी."

"कॅमेरा वेगळा अन् कान वेगळे? बिनाकानाचा माल फॅक्टरीतून सुटलाच कसा?"

फुली. ती मालकाने आमच्यादेखत बाहीने पुसली.

शेवटी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाकडे जुना कॅमेरा मिळाला. काचेवर ओरखडा, चित्र हिरवट. काका जिन्याखाली जाऊन पुटपुटले आणि वर येऊन त्यांनी ऐकलं. शब्द न् शब्द आला होता. ओरखड्यावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. खडू खिशातच राहिला.

रविवारी ते सक्करदऱ्याला गेले. या कॅमेऱ्याच्याही लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून तो स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीमागे ठेवला आणि स्वतः बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले. संध्याकाळी तडक माझ्याकडे आले.

पडद्यावर हिरवट फळी आणि अर्धी बरणी. ताटात तांदूळ सरकल्याचा आवाज. मग एक घोगरा, संथ सूर:

"बाई, पाटी आली घरी, तिले पुसू पदरानं
लेक लिहिते नाव आपलं आपल्या हातानं"

एकामागून एक ओव्या आल्या. काका हलले नाहीत. मग सूर थांबला आणि तोच आवाज अगदी जवळून आला.

"परल्हाद, बरणीमांगचं ते यंत्र बंद नोको करू गा. तू ठेवलं तवाच दिसलं मले. आवाज बरोबर येऊन राहिला काय? नाही त पुन्हा म्हणू?"

काकांनी कॅमेरा बंद केला. चेहरा लालबुंद. "चिकटपट्टीच खराब निघाली! लोकं काय माल विकतेत राजेहो!" दिव्यावरची पट्टी त्यांनी ओरबाडून काढली, टेबलावर चिकटवली आणि खडूने तिच्यावर फुली मारली.

मग चष्मा पुसून कॅमेरा पुन्हा सुरू केला आणि रेकॉर्डिंग मागे नेलं. ओव्यांपर्यंत नाही. तिने त्यांना 'परल्हाद' अशी हाक मारली होती, फक्त तिथपर्यंत.