उस्ताद हिल्मींचा गुद्दा

ही बातमी घराच्या चार भिंतींबाहेर जाऊ द्यायची नाही, असा उस्ताद हिल्मींनी निश्चय केला होता, आणि या एका निश्चयाबद्दल त्यांना स्वतःची पक्की खात्री होती. एरवी त्यांना कसलीच खात्री नसे. सरकारी ग्रंथालयात आयुष्य काढलं, पण ‘हे पुस्तक बाहेर गेलंय’ एवढं सांगायलासुद्धा ते आधी दोनदा खोकायचे. मात्र गुपित राखायला बोलावं लागत नाही, गप्प बसावं लागतं. आणि गप्प बसण्यात त्यांचा हात धरील असा माणूस अख्ख्या मुहर्रम बेक मोहल्ल्यात नव्हता.

तेव्हाचं अलेक्झांड्रिया निराळं होतं. इमारतीत एक टेलिफोन असला की ती इमारत सुधारलेली समजत. भाजी, पाव, वर्तमानपत्र सगळं दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायचं, आणि कुणाकडे काय शिजतंय हे जिन्यातच कळायचं. अशा इमारतीत गुपित राखायचं म्हणजे चाळणीत पाणी साठवण्यासारखं. पण हिल्मींना त्याचा पत्ता नव्हता. पत्नी इन्साफ गेल्यापासून ते इमारतीत राहत होते म्हणण्यापेक्षा पुस्तकांत राहत होते.

बातमी रक्ताच्या तपासणीची होती. वर्षभर त्यांना काहीतरी होत होतं. मे महिन्यात सगळं शहर नुसत्या बनियनवर सज्जात बसायचं, तेव्हा हे दोन-दोन स्वेटर घालून. आवाज बसलेला, चेहरा सुजलेला, पाय शिशाचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शब्द हरवायला लागले होते. ‘चमचा’ म्हणायचं असलं की चमचा डोळ्यांपुढे यायचा, हलायचा, चकाकायचा, पण नाव सांगायचा नाही. ज्याच्याकडे शब्दांशिवाय दुसरी इस्टेट नाही, त्या माणसाचं हे म्हणजे घरच जळणं.

त्यात गेल्या ईदला बहिगाने त्यांना चहात मीठ घालताना पाहिलं. बहिगा ही त्यांची थोरली बहीण. हिल्मी तिला अब्ला म्हणायचे आणि अजून घाबरायचे. इन्साफ गेली त्या दिवसापासून ती तिच्या दमनहूर गावाहून एकच रेटा लावून होती.

“तुझं डोकं आता कामातून चाललंय,” ती त्या दिवशी म्हणाली होती. “आणखी एकदा असं काही दिसलं ना, तर या घराला कुलूप. पुस्तकं रद्दीवाल्याला, आणि तू माझ्याकडे.”

“अब्ला, पण...”

“माझ्याकडे गच्ची आहे. कोंबड्या आहेत. मन रमेल तुझं.”

म्हणून डॉक्टर दौलतबाईंनी तपासणीचा कागद हातात घेतला, तेव्हा हिल्मींना समोर नुसत्या कोंबड्या दिसत होत्या.

“उस्ताद, हे म्हातारपण नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या गळ्यातली ग्रंथी मंद झालीये. असं बघा, वरच्या कार्यालयातून मेंदू हुकमावर हुकूम सोडतोय, आणि खालचा कारकून टेबलावर डोकं ठेवून झोपलाय. रक्तात ते हुकूमच वाढलेले दिसतात.”

“असा एक कारकून आमच्याकडे होता,” हिल्मी हळूच म्हणाले. “त्याला बढती मिळाली.”

“याला नाही द्यायची. याचं काम आता गोळी करेल. रोज सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. मग तासभर काही खायचं नाही, कॉफीही नाही. दीड महिन्याने परत रक्त बघू आणि मात्रा ठरवू.”

“आणि शब्द?”

“येतील परत. सावकाश.”

हिल्मींना डॉक्टरांचा हात हातात घेऊन रडावंसं वाटलं. अर्थात ते नुसते खोकले आणि उठले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गळ्यातल्या या ग्रंथीला आमच्याकडे ‘गुद्दा’ म्हणतात, आणि दुपारच्या जेवणाला ‘गदा’. मराठी कानाला दोन्ही शब्द मारामारीचे वाटतील. पण इजिप्तमध्ये पहिल्याने माणूस झोपतो आणि दुसऱ्यानेही झोपतोच.

घरी परतले तर जिन्यात खालच्या मजल्यावरची उम्म वफीक उभी होती. इमारतीतला तो एकुलता एक टेलिफोन तिचाच. तिने हिल्मींच्या हातातला तपासणीचा कागद पाहिला.

“रक्त तपासलं? का? काय झालं? खोटं सांगू नका, तुम्हाला येत नाही.”

खरंच येत नव्हतं. हिल्मींनी सगळं सांगितलं, आणि अब्लाला कळू द्यायचं नाही म्हणून तिला चार वेळा विनवलं.

“माझ्या पोटात विहीर आहे, उस्ताद,” उम्म वफीक म्हणाली. “पडलं ते पडलं.”

दुसऱ्या दिवशी विहिरीला पाझर फुटला. हिल्मींना हे पुढे कळलं, आपण आत्ताच ऐकून घेऊ. वाईट हेतू मुळीच नव्हता. एकट्या माणसाचं दुखणं त्याच्या रक्ताच्या माणसांना कळायला नको का, एवढंच तिला वाटलं. दमनहूरची लाइन म्हणजे बादलीत तोंड घालून बोलण्यासारखी, आणि बहिगाचा उजवा कान तिच्या लग्नापासून बंद.

“उस्तादांना गुद्दा आहे,” उम्म वफीक ओरडली.

“काय? उस्तादांकडे गदा आहे? हिल्मीकडे?”

“हो, हो. मी सांगितलं म्हणू नका. शुक्रवारी येऊन जा.”

“शुक्रवारी गदा! अगं, येणार म्हणजे काय, सगळेच येतो.”

एवढी माया बघून उम्म वफीकने डोळ्यांना पदर लावला.

शुक्रवारी नमाज आटोपून हिल्मी नुकते पुस्तक उघडून बसले होते. दार वाजलं. दारात बहिगा, तिचा नवरा शौकत, दोन मुलगे, दोन सुना, पदरची पोरं, आणि बसबूसाचं, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचं, परातीएवढं ताट. सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. बहिगाने भावाला मिठी मारली आणि रडायलाच लागली.

“किती वर्षांनी रे. मला वाटलं होतं, इन्साफबरोबर हे संपलंच.”

कळलंय हिला, हिल्मींनी ओळखलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“मी काही केलं नाही, अब्ला. आपोआप झालं,” ते बसक्या आवाजात पुटपुटले.

“आपोआप? गदा आपोआप होतो?”

“गुद्दा ना? हळूहळू होतो म्हणे. वर्षानुवर्षं चालू असतो, कळत नाही.”

बहिगाने चांगला कान पुढे केला, पण आवाज मेला घशातच घोटाळत होता. “बरं, कुठंय?”

हिल्मींनी गळ्याला हात लावला.

“गळ्याशी आलं? मग मला कळवायचं नाही? आदल्या दिवशी आले असते मदतीला.”

“तुला कळवायचंच नव्हतं.”

“ऐकलंत?” बहिगा नवऱ्याकडे वळली. “मला सोडून सगळ्यांना बोलावणार होता.”

शौकत दमनहूरपासून उपाशी होता. त्याला या भाऊबहिणीच्या प्रेमात रस नव्हता. “ते असू दे, उस्ताद. अजून किती वेळ?”

“दीड महिन्याने कळेल.”

शौकत हळूच खुर्चीत बसला.

“मंद आहे ना,” हिल्मींनी खुलासा केला.

“आच मंद असेल हो, पण दीड महिना? उंट शिजतोय का?”

बहिगा स्वयंपाकघरात जाऊन आली. तिथे शिळ्या फूलचं, म्हणजे उकडलेल्या वालासारख्या दाण्यांचं, एक पातेलं आणि अर्धं लिंबू होतं. ती दारात उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा बघून पोरंसुद्धा गप्प झाली.

“चूल थंड आहे.”

“मीही थंडच असतो हल्ली,” हिल्मी म्हणाले. “ते लक्षणच आहे त्याचं.”

“हिल्मी,” ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, आणि तिच्या मऊ आवाजाइतकं भयंकर दुसरं काही नसे. “तू आम्हाला जेवायला बोलावलंस आणि विसरलास. हो ना?”

तेव्हा कुठे उस्तादांच्या डोक्यात उजेड पडला. ‘जेवायला’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारून पाहिला. मग सगळा जोर लावून, घसा फाटेस्तोवर, आयुष्यात पहिल्यांदा ते बहिणीवर ओरडले, “गुद्दा! जेवण नाही, ग्रंथी! रक्त तपासलंय माझं!”

जिन्यात उभी असलेली उम्म वफीक त्याच क्षणी आत आली. तिला वाटलं, आपल्याला हाक मारली.

पुढची पाच मिनिटं सगळे एकदम बोलत होते. शौकत तेवढा हसत होता, आणि हसण्याने भूक वाढते हे लक्षात येऊन तोही थांबला. बहिगाने भावाचा हात हातात घेतला. हात बर्फासारखा होता. ती उठली, सज्जात गेली आणि खाली-वर बघून म्हणाली, “अहो ऐकलंत का, उस्ताद हिल्मींकडे पाहुणे आलेत, आणि घरात काही नाही.”

तो जमाना असा होता की एवढं पुरे. वरून टोपली उतरली, तिच्यात मुलुखियाच्या पालेभाजीचं पातेलं. खालून चढली, तिच्यात कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात. समोरच्या सज्जातून कुणीतरी विचारलं, कबुतरं दोनच आहेत, चालतील का. उम्म वफीकने आपला अख्खा ससा आणून ठेवला. पापाची किंमत तिला माहीत होती. पुस्तकं उचलून टेबल मोकळं केलं, तर टेबलाचा रंग हिरवा आहे हे हिल्मींना परत आठवलं. इन्साफ असताना दर शुक्रवारी हे टेबल असंच दिसायचं. तेव्हा या गलक्याने त्यांचं वाचन व्हायचं नाही, आणि ते मनातून चरफडायचे. आज शौकतने त्यांच्या ताटात सशाची तंगडी टाकली आणि ते ती बघतच राहिले.

“खा,” बहिगा म्हणाली. “आणि जेवून झालं की कपडे भर. दमनहूर.”

“अब्ला, डॉक्टर म्हणाल्या, डोकं शाबूत आहे. शब्द परत येतील. रोज एक गोळी घ्यायची, बस.”

“घेतोस?”

“रोज. सकाळी.”

“कॉफीबरोबर घेतात,” उम्म वफीक ताटातून मान वर न करता म्हणाली. “वास येतो ना खाली. पाठोपाठ चीज-पाव.”

हिल्मी खोकले. उपाशीपोटी म्हणजे कॉफीच्या आधी असा अर्थ त्यांनी लावलाच होता. पण आधी म्हणजे किती आधी, हे त्यांनी आपल्या सोयीने ठरवलं होतं.

बहिगाने हातातला पाव खाली ठेवला. मग म्हणाली, “ठीक आहे. घराला कुलूप नाही. पुस्तकंही राहू देत.”

हिल्मींचा चेहरा खुलला.

“मी राहते इथे.”

आणि ती राहिली. पहाटे पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन ती उशाशी उभी असे, आणि नंतर तासभर कॉफीच्या डब्यावर हात ठेवून बसे. त्या तासात बोलण्याशिवाय दुसरं काही करता येत नसे, म्हणून दोघं बोलत. आईने एकदा गाढवाला चष्मा लावला होता ते. वडील पावसाळी बूट घालून सुएझला गेले ते. बहिगाला माणसं आठवत, हिल्मींना हळूहळू शब्द आठवू लागले. दोन्ही मिळून एकेक गोष्ट पुरी व्हायची. एका सकाळी हिल्मींनी एक स्वेटर काढून ठेवला. दर शुक्रवारी शौकत यायचा, आधी टेलिफोन करून काय शिजतंय ते विचारायचा.

दीड महिन्याने रक्त परत तपासलं. आकडे जवळजवळ जागेवर आले होते. बहिगाने डॉक्टरांच्या नावाने आशीर्वाद दिले आणि पिशवी भरायला घेतली.

“चला, सुटलास माझ्या तावडीतून. आता कधीही कॉफी पी.”

हिल्मी दारात उभे राहिले. ‘राहा’ हा शब्द त्यांना चांगला आठवत होता. तो त्यांच्याच्याने म्हणवत नव्हता, एवढंच.

“डॉक्टर म्हणाल्या,” ते म्हणाले, “बरं वाटलं तरी सोडायचं नाही. आयुष्यभर चालू ठेवायचं.”

“काय? गोळी?”

हिल्मी दोनदा खोकले.

“ते नीट विचारायचं राहिलं, अब्ला.”