निळी पेज

मोबाइलमधलं बाळ पांढरं झबलं घालून बसलं होतं, एका बोटाने निळी पेज हलवत होतं आणि गोड हसत होतं. यालमारच्या स्वयंपाकघरातलं बाळ त्या पेजेत बसलं होतं. चक्क बसलं होतं, बुडासकट!

"बाळांना खाण्याच्या वस्तूंशी मनसोक्त खेळू द्या, बुद्धी वाढते," असं मोबाइलमधली बाई सांगत होती. फरशी कोण पुसणार, ते सांगायला बरी विसरली मेली! यालमारने ब्लूबेरीचं सूप केलं, त्यात बटाट्याचं पीठ ओतलं, वर उकडलेली मॅकरोनी टाकली. त्याच्या लेकीने, एब्बाने, त्यातली चिमूटभर खाल्ली आणि बाकीची अंगाला फासली.

बाळंतपणाची रजा संपवून त्याची बायको टूवा कामावर रुजू झाली होती आणि बाळ सांभाळायच्या रजेची पाळी आता यालमारची होती. जाताना तिने बजावलं होतं, "जमलं तर ठीक, नाहीतर आईला किरुनाहून बोलावते. ती तयारच आहे." सासू तयार आहे, हे ऐकताच यालमारने "जमेल, जमेल" असं दोनदा सांगितलं होतं.

तो फडकं आणायला वळला, तेवढ्यात एब्बा रांगत बाहेरच्या खोलीत गेली. तिथे सासूने स्वतः विणलेली पांढरी सतरंजी होती.

"एब्बा, नको! अगं, नको गं बाई!"

एब्बा तिच्यावर लोळली.

यालमारने एका काखेत पोर आणि दुसऱ्या काखेत सतरंजी मारली आणि तळघरातली धुलाईची खोली गाठली. धुण्याची वेळ राखायला तिथल्या फळ्यावर आपलं कुलूप लावायचं असे, आणि त्या वेळेवर वरच्या मजल्यावरच्या गुनेलबाईंचं कुलूप लटकत होतं. या इमारतीत तुम्ही कुणाची बायको पळवलीत तर लोक एकवेळ समजून घेतील, पण कुणाची धुण्याची वेळ पळवलीत तर संपलात! पण गुनेलबाईंचा पत्ता नव्हता आणि मशीन रिकामं होतं. यालमारने सतरंजी पेजेसकट आत कोंबली, पाणी कडकडीत गरम केलं आणि ती धुऊन निघताच आत न बघता पळ काढला.

संध्याकाळी टूवा खूश झाली. "सतरंजीसुद्धा धुतलीस? मग आईला नको म्हणून कळवते."

दाराची घंटा वाजली. गुनेलबाई एक ताठ कापड हातात धरून दारात उभ्या होत्या. त्या रुग्णालयातल्या निवृत्त मेट्रन होत्या, पण निवृत्त झाल्या आहेत हे त्यांच्या आवाजाला कुणी कळवलं नव्हतं.

"हे काय आहे?"

"टेबलावरचं कापड?" यालमारने विचारलं.

"झगा आहे माझा! रात्री घालायचा! बघ, मशीनमधून काढला तर खळ बसून कसा ताठ झालाय. आणि या खिशात मॅकरोनी आहे!"

"पण… मीच कशावरून?"

"तळघरापासून तुझ्या दारापर्यंत भिंतीवर एवढेएवढे निळे पंजे आहेत. ते काय माझे आहेत, गाढवा?"

टूवा संतापून लाल झाली. "गुनेलबाईंच्या वेळेत? यालमार, पोरीला रंगवलंस, घर रंगवलंस, सगळं चालेल. पण दुसऱ्याच्या वेळेत धुतलंस? लाज कशी वाटली नाही तुला? थांब, आईलाच फोन लावते!"

"काही गरज नाही," गुनेलबाई कडाडल्या. "त्या बिचारीला एवढ्या लांबून कशाला दमवतेस? आयुष्यभर वॉर्ड सांभाळलाय मी. उद्यापासून मी येऊन बसते. हा भिंती पुसेल."

टूवाचे डोळे भरून आले. "खरंच याल?"

"पण…" यालमार म्हणाला.

"तू गप्प बस!" दोघी एकदम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टूवा बाहेर पडते न पडते तोच गुनेलबाई हजर झाल्या. घरात घालायच्या सपाता सोबत घेऊनच आल्या होत्या. त्यांनी चमच्यांचा खण नव्याने लावला, यालमारची कॉफी पातळ ठरवून ओतून दिली, एब्बाला झोपवलं आणि मग यालमारलाही वेळेवर जेवण्याबद्दल, ताठ बसण्याबद्दल आणि दाढी करण्याबद्दल झापलं. आठवडाभर हेच चाललं. एब्बा मात्र त्यांच्या मांडीवर खिदळत होती, याचा तर यालमारला फारच राग आला.

शुक्रवारी तो भिंत पुसायच्या निमित्ताने तळघरात गेला, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात फोन केला.

"आई, मी यालमार. नाही, सगळे बरे आहेत. ते… किरुनाहून रात्रीची गाडी असते ना? आजच निघता का?"