सात बनियान कोणी धुतले?

पहिला सोमवार: धुळीने माखलेले सात बनियान पुराव्यादाखल नोंदणीकृत टपालाने रवाना. जबाबदार: माझे शेजारी गोविंदराव चिंचोळकर. त्याच आठवड्यातील गुरुवार: पार्सल पोचल्याची शिक्क्यासह पावती. जबाबदार: हवेवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयातील आवक लिपिक. पुढील मंगळवार: तेच सात बनियान धुऊन, नीळ देऊन, इस्त्री करून परत. सोबत पत्र, "जाँच करने पर प्राप्त वस्त्र स्वच्छ पाए गए।" जबाबदार: अज्ञात.

या अज्ञात इसमाविरुद्ध मी आजवर नऊ पत्रे लिहिली. दहावे हे जाहीर आहे, आणि म्हणूनच त्याआधी वाचकांना गोविंदरावांची ओळख करून देणे मला क्रमप्राप्त वाटते.

या हिंदीभाषक शहरातील राइट टाउन वस्तीत आमची दारे समोरासमोर आहेत. मी कोर्टातून पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे फायली ठेवणारा कारकून, म्हणून निवृत्त झालो. तरीही गोविंदराव मला वकीलसाहेबच म्हणतात. ते स्वतः डिफेन्स फॅक्टरीत तपासनीस होते आणि निवृत्त झाल्याचे त्यांना कोणी नीट समजावलेले दिसत नाही. मोजमापाची पोलादी कडी आजही त्यांच्या खिशात असते. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी त्या कडीतून गुलाबजाम घालून पाहिले आणि दोन परत पाठवले. "आज उकडतंय" एवढे म्हटले तरी त्यांचा प्रश्न तयार: "सँपल?"

कुंडमच्या बाजूला गिट्टीची एक खदान आहे. तिच्या दगड फोडणाऱ्या क्रशरची धूळ शेजारच्या गावातील अंगणवाडीच्या डाळीत पडते आणि लेकरे ती खातात. तेथील सेविका फुलियाबाई अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आली. मी चार पानी मसुदा सिद्ध केला. गोविंदरावांनी तो चष्मा वर-खाली करत वाचला आणि परत दिला.

"कलमं सगळी ठीक आहेत वकीलसाहेब. पण यात धूळ कुठं आहे?"

दुसऱ्याच दिवशी ते आपले सातही बनियान घेऊन कुंडमच्या बसमध्ये बसले. अंगणवाडीवर एक आणि सहा घरांवर सहा असे ते टांगले. प्रत्येकाला तारेने चिठ्ठी: स्थळ, वाऱ्याची दिशा, टांगणाऱ्याचा अंगठा. बनियानच काहून, असे मी विचारले.

"एकच माप, एकच कापड. स्टँडर्ड आहे. रुमालाचं काय, हर एक वेगळा."

थंडीचे दिवस होते. आठवडाभर हा गृहस्थ चुरगळलेल्या शर्टाखाली उघडा हिंडत होता, कारण त्याचे सर्व बनियान कामगिरीवर होते. मी माझा एक देऊ केला, तर म्हणाले, "तुमचा सैल आहे. रिजेक्ट."

नंतरचा इतिहास वर नमूद आहेच. ते पार्सल परत आले त्या दिवशी मी आरडाओरडा केला. गोविंदराव मात्र एक बनियान हातात घेऊन त्याची घडी न्याहाळत राहिले. याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले होते.

क्रशरच्या परवान्याचे नूतनीकरण करावे की नाही, यासाठी गावात सुनावणी झाली. हवेच्या त्या कार्यालयाच्या साहेबांनी मंडपात, आम्ही पुढे ठेवलेल्या सातांतला एक बनियान दोन्ही हातांनी उंच धरला.

"देखिए! इतनी सफ़ेद बनियान तो हमारे घर में नहीं है। और आप लोग कहते हैं, धूल है!"

फुलियाबाई उठली, पुढे गेली आणि तिने बनियान नाकाला लावला.

"हओ साहब, नील की बास आ रही है। हमाए गाँव की धूल में नील कब से मिलन लगी?"

मंडप हसला. साहेब हसले नाहीत. 'धुलाईबाबत खुलासा मागवून' सुनावणी पुढे ढकलली गेली. क्रशर मात्र चालूच आहे आणि डाळीत धूळही पडतेच आहे.

पुढील सुनावणीसाठी पुरावा मोहोरबंद करावा म्हणून मी परवा गोविंदरावांच्या घरी गेलो. मोजले. सहाच.

"सातवा?"

"आहे. सँपल म्हणून ठेवला."

"कुठे?"

त्यांनी शर्टाची वरची दोन बटणे सोडली.

"गोविंदराव! पुरावा अंगात घालून राहिले तुम्ही?"

ते जरा ओशाळले. मग उरलेल्या सहांपैकी एक त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "घडी पाहा वकीलसाहेब. बाही आधी आत, मग दुमड. आमची ही अशीच घालायची. ती गेल्यापासून इस्त्रीला गुंडाळलेली वायर मी सोडलीच नाही." त्यांनी तो काळजीपूर्वक होता तसा ठेवला. "मोहोर लावा, पण घडी मोडू नका."

सबब, संबंधित कार्यालयास या पत्राद्वारे जाहीर मागणी करण्यात येते, की पुढील सुनावणीत अंगणवाडीच्या अंगणात, फुलियाबाई व समस्त गावकऱ्यांसमक्ष, एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: सात बनियान कोणी धुतले? पुरावा नष्ट केल्याच्या तक्रारीसाठी मला ते नाव हवे आहे. गोविंदरावांनाही हवे आहे. कशासाठी, ते त्यांनी मला या पत्रात लिहू दिले नाही.