‘धडाड’चं खातं कोणतं?

कलाशाळेत शेवटच्या वर्षाला असलेल्या पिंगीने चौकात टेबल मांडलं, मागे फलक टांगला आणि ती स्टुलावर बसून लोकांची वाट पाहू लागली. फलकावर लिहिलं होतं, ‘तुमचं शहर तुम्हाला काय म्हणतं?’ आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा, उत्तरं चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायची आणि शेवटच्या दिवशी त्या सगळ्या भिंतीवर लावून परीक्षकांना दाखवायच्या, असा तिचा प्रकल्प होता. मागच्या वर्षी तिने वर्तमानपत्रांचं झाड केलं होतं. ते सफाईवाल्याने रद्दी समजून उचलून नेलं आणि पिंगी नापास झाली. यंदाही तसंच झालं तर वडील तिला काकांच्या छत्र्यांच्या दुकानात बसवणार होते.

दोन तास कुणी फिरकलं नाही. मग पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई थांबल्या. त्यांनी फलक दोनदा वाचला.

“शहर कसं काय म्हणेल गं?”

“म्हणजे बघा बाई, शहराशी आपलं जे एक नातं असतं ना, त्यातून जो आतला संवाद...”

“सोपं करून सांग.”

“तुम्हाला काय ऐकू येतं?”

“असं विचार ना मग! आमच्या गल्लीतला दिवा तिन्हीसांजेपासून टर्र टर्र म्हणतो. तीन महिने झाले. लिही.”

पिंगीने लिहिलं. बाईंनी चिठ्ठी हातात घेऊन ‘दीवा’चा ‘दिवा’ केला आणि जायच्या ऐवजी शेजारी उभ्याच राहिल्या. “तुला एकटीला झेपायचं नाही हे,” म्हणाल्या.

त्यांना पाहून समोरच्या इमारतीतले घड्याळजी खाली आले. “माझ्या दुकानाखाली गटाराचं झाकण आहे. गाडीचं पुढचं चाक गेलं की ‘धडाड’ म्हणतं, मागचं गेलं की पुन्हा ‘धडाड’. मी चिमट्यात मुंगीएवढा स्क्रू धरलेला असतो. तो जो उडतो, तो पुन्हा म्हणून सापडत नाही.”

दुसऱ्या दिवशी चौकात रांग लागली. इथे तक्रारी लिहून घेतात, अशी बातमी गावभर झाली होती.

“अहो, हे ऑफिस नाही. ही कला आहे,” पिंगी काकुळतीला येऊन सांगायची.

“असू दे की. आमचं काही म्हणणं नाही,” लोक म्हणायचे. “फक्त जरा लवकर होऊ दे.”

बाईंनी रांग सरळ केली, मध्ये घुसणाऱ्या दोघांना मागे पाठवलं आणि प्रत्येकाला एकच आवाज सांगायची शिस्त लावली. तिसऱ्या दिवशी पिंगी पाणी प्यायला गेली आणि परत येते तो चिठ्ठ्या ठेवायची पेटी रिकामी.

“बाई, चिठ्ठ्या कुठे आहेत?”

“नगरपालिकेत देऊन आले. पेटीत ठेवून काय उबवणार होतीस?”

पिंगी धावत नगरपालिकेत पोहोचली. तिथला आवक कारकून बाईंचा जुना विद्यार्थी निघाला. बाई समोर दिसताच तो उठून उभा राहिला होता आणि त्या “घे” म्हणाल्या म्हणून त्याने सगळ्या चिठ्ठ्या घेऊन, शिक्के मारून, क्रमांकही टाकले होते.

“मला परत द्या ना. माझी परीक्षा आहे!”

“ताई, आवक झालेला कागद परत जात नाही,” कारकून म्हणाला. तोही बिचारा घायकुतीला आला होता. नोंदवहीत ‘विषय’ या रकान्यात त्याने ‘धडाड’ लिहिलं होतं. पुढच्या रकान्यात खातं लिहायचं होतं. शेवटी वही घेऊन तो साहेबांकडे गेला. मागोमाग पिंगीही.

“साहेब, ‘धडाड’ गटारवाल्यांकडे देतो. ‘टर्र टर्र’ विजेकडे. पण हे ‘हुश्श’ कुणाकडे देऊ?”

“कसलं हुश्श?”

“एका आजोबांचं आहे. बसथांब्यामागच्या झाडाखाली बसलं की झाड हुश्श म्हणतं.”

“ही तक्रार आहे?”

“नाही साहेब. पण क्रमांक पडलाय.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “क्रमांक पडलाय म्हणजे उत्तर द्यावं लागणार. बागेकडे पाठवा.”

मग मात्र कार्यालय कामाला लागलं. बाई पुन्हा येऊ नयेत म्हणून साहेबांनी रोज संध्याकाळी नव्या जमलेल्या चिठ्ठ्या आणायला शिपाईच चौकात पाठवायला सुरुवात केली. झाकण बदललं. दिवा दुरुस्त झाला. बाग खात्याचा माणूस झाडाखाली तासभर बसून आला आणि त्याने अहवाल दिला, ‘झाड हुश्श म्हणते. बदल सुचवीत नाही.’

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले तेव्हा पिंगीची भिंत कोरी होती. तिने सगळी हकिगत सांगितली आणि त्यांना झाकणापाशी नेलं. एक टेम्पो गेला, एक बस गेली.

“मला काही ऐकू आलं नाही.”

“दुरुस्त झालं, सर.”

“आणि तो दिवा?”

“तोही झाला, सर.”

परीक्षकांनी चष्मा काढला. “म्हणजे तुझी कलाकृती नगरपालिकेने दुरुस्त केली?”

पिंगीच्या डोळ्यांपुढे छत्र्या उघडमीट करू लागल्या. तेवढ्यात घड्याळजींनी खिडकीतून हाक मारली.

“ओ साहेब, वर या, वर! झाकण गप्प झालं आणि माझी लाज गेली हो! दुकानात बावीस घड्याळं आहेत, त्यातली कुठली दोन एका ठेक्यात चालतील तर शपथ. त्या धडाडधडाडीत बारा वर्षं मला पत्ताच नव्हता!”

परीक्षक वर गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. नंतर ते बाईंच्या गल्लीतून फिरून आले, झाडाखाली आजोबांशेजारी बसले. परत आल्यावर त्यांनी टेबलाशी येऊन गुणपत्रकावर काहीतरी लिहिलं, कागद वजनाखाली पालथा ठेवला आणि ते निघाले. पिंगी त्यांना निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत गेली.

नेमका तेव्हाच शिपाई आला आणि टेबलावरचे सगळे कागद उचलून घेऊन गेला.

पंधरा दिवस पिंगी निकालाची वाट पाहत राहिली. सोळाव्या दिवशी कलाशाळेत नगरपालिकेचं पाकीट आलं. आत गुणपत्रक होतं, वर आवक क्रमांक आणि शिक्का. परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘कान देऊन पाहावं असं काम. पहिला वर्ग.’

त्याखाली साहेबांच्या हिरव्या शाईत एक ओळ होती: ‘स्थळपाहणी केली. सदर विद्यार्थिनीस उत्तीर्ण करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.’